दुसरं प्रूफ

चहा आला की गाबोरसाहेब कप बदलायचे. हॉटेलवाला कपबश्या टेकवून वळला की ते आपल्यापुढचा कप शेजाऱ्यापुढे सरकवायचे, शेजाऱ्याचा आपल्याकडे ओढायचे आणि मान किंचित वाकवून हसायचे. इतक्या सफाईनं, की पाहणाऱ्याला वाटावं, यांच्या देशात अशीच रीत असेल. चिखलीत पहिले दोन-तीन महिने सगळ्यांना तसंच वाटलं. आमच्या छापखान्याचे मालक आबासाहेब तर येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे, आपला कप आधी दुसऱ्याला द्यायचा, किती सुंदर चाल आहे पाहा. ट्रेडल मशीन चालवणारे रहीमभाई मात्र एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "चालगिल काही नाई बे कोकण्या. ह्या मानसाले कोनीतरी कधीतरी काही पाजलं हाय."

रहीमभाईंचं बरोबर असावं. पूर्ण बरोबर होतं का, ते आजही मला सांगता येणार नाही. गाबोरसाहेबांबद्दल पूर्ण असं मला काहीच ठाऊक नाही. जे थोडंफार ठाऊक झालं ते मी कुठं नेऊन दिलं, ते लिहून ठेवावं म्हणून बसलो आहे. त्यांचं आडनाव लिहिणार नाही. एवढी वर्षं झाली, तरी नाही.

मी मूळचा मालवणकडचा. चौथीनंतर शाळा सुटली आणि छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. शिशाचं एकेक अक्षर खणाखणांच्या केसमधून उचलायचं, हातातल्या स्टिकमध्ये उलटं लावायचं, ओळ झाली की पत्र्याच्या गॅलीवर उतरवायची. कोल्हापूरला असताना संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत बिननावाची पत्रकं मी जुळवली होती. छापखान्याला सील लागलं त्या दिवशी मी मागच्या दारानं निघालो तो जिथं कोणी ओळखणार नाही अशा गावाला पोचेपर्यंत थांबलो नाही. बायको आणि मुलगी गावी. चिखलीत आबासाहेबांनी, कुठून आलास, का आलास, असं काही न विचारता केससमोर उभं केलं. तेव्हापासून कोणी दारात उभं राहिलं की आधी त्याच्या पायांकडे बघायची मला सवय लागली. पोलिसाचे बूट लांबून कळतात.

आबासाहेब निवृत्त शिक्षक. त्यांना एस्पेरांतोचं वेड होतं. जगातल्या सगळ्यांना सारखी सोपी जावी म्हणून एका डॉक्टरानं बसून तयार केलेली ती भाषा त्यांनी टपालानं धडे मागवून शिकली होती. लग्नपत्रिका आणि बाजारातल्या नोटिसा छापून जे मिळे ते सोळा पानांच्या एका एस्पेरांतो मासिकावर जाई. जपान, ब्राझील, बल्गेरिया असे पत्ते आम्ही चिखलीत बसून चिकटवायचो. गाबोरसाहेब त्या मासिकाचे जुने वाचक. हंगेरीत त्यांची दोन पुस्तकं निघाली होती. तिथला उठाव रणगाड्यांनी चिरडला तेव्हा ते पायी सरहद्द ओलांडून बाहेर पडले, परक्या गावी निर्वासितांच्या छावण्यांत राहिले. आबासाहेबांनी पत्रात सहज लिहिलं, इकडे या. आणि महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील, एका दुपारी हा उंच, वाकलेला माणूस पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीतून उतरला. अंगात लांब काळा कोट. चार बटणं, त्यातलं दुसरं वेगळं, आपल्याकडच्या शिंपल्याचं. मी पायांनंतर बटणं बघतो.

गावानं त्यांच्यावर संशय घ्यायला फार वेळ लावला नाही. पहिला संशय ठेच्यावरून. आबासाहेबांकडे जेवताना त्यांनी लाल ठेचा भाकरीवर असा पसरला की वाढणाऱ्या वहिनींनी हात धरला. त्यांनी तो खाल्ला, पाणी न पिता, आणि पुन्हा मागितला. आमच्याकडे मिरचीशिवाय कालवण होत नाही, असं ते म्हणाले. पण बाहेर ती गोष्ट वेगळीच फिरली. गोरा माणूस ठेचा खातो म्हणजे त्याला कुठंतरी शिकवून पाठवला आहे. दुसरा संशय चांदणीवरून. कोटाच्या कॉलरवर ते हिरवी पाचकोनी चांदणी लावत. ती एस्पेरांतोवाल्यांची खूण. तेवढ्यात चीनची लढाई झाली. लाल चांदणी चीनची हे शाळेतल्या पोरांनाही माहीत झालं होतं, मग ही हिरवी कोणाची? रहीमभाई वैतागून म्हणायचे, "लोकं मलेच इचारून राह्यले, तुमच्यातला हाय का म्हून. मी म्हन्लं, आमच्यातला असता तं मले चहात कप बदलून कायले देला असता?"

गाबोरसाहेबही काही कमी नव्हते. ते कधी दाराकडे पाठ करून बसले नाहीत. घरून छापखान्यात यायचे तीन रस्ते होते, ते तिन्ही आलटूनपालटून वापरत. नवा माणूस आला की बोलता बोलता थांबत आणि तो गेल्यावर त्याच शब्दापासून पुढे सुरू करत. मराठी ते रहीमभाईंकडून शिकले, त्यामुळे ती अस्सल वऱ्हाडी होती. आबासाहेब शुद्ध बोलून बोलून थकले, हे "हाव" आणि "काऊन" सोडायला तयार नव्हते.

पोलीस ठाण्यातले वानखडे जमादार छापखान्यात यायला लागले ते मुलीच्या लग्नपत्रिकेच्या निमित्तानं. त्या पत्रिकेचा मजकूर अकरा महिने ठरत नव्हता. कधी मुहूर्त राहिलेला, कधी नवऱ्या मुलाचं नाव. बाकावर बसायचे, बिडी ओढायचे, भिंतीवरची कॅलेंडरं वाचायचे. एक दिवस आबासाहेब आत गेलेले बघून ते माझ्या केसपाशी आले.

"कोल्हापूरले कोन्त्या छापखान्यात होता बे तू?"

माझ्या हातातली स्टिक तिथंच थांबली.

"मले तुझं काही पाह्यचं नाई," ते अगदी मायेनं म्हणाले. "मले त्या गोऱ्याचं पाह्यचं हाय. तू त्याचं जे जुळवशीन त्याचा एक कागद मले देत जाय. मले बी वरून इचारते ना बावा."

प्रूफ काढायची आमची पद्धत अशी. जुळलेल्या मजकुरावर शाईचा रूळ फिरवायचा, ओलसर कागद अंथरायचा, वरून ब्रशनं ठोकायचं, अलगद उचलायचा. दुसरं हवं असेल तर पुन्हा शाई लावायची. मला तेवढा धीर नसे. एक कागद गाबोरसाहेबांसाठी उचलला की त्याच उरलेल्या शाईवर दुसरा ठोकायचा आणि शर्टाच्या आत घालायचा. त्यामुळे जमादारांना मिळायचं ते कायम पुसट. पहिलंच प्रूफ त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं की यात लिहिलंय काय. मी म्हटलं, मला अक्षरं जुळवता येतात, भाषा येत नाही.

"मंग शीक," ते म्हणाले.

अशी माझी चौथीनंतरची शाळा सुरू झाली. दुपारची जेवणं झाली की छापखान्यामागच्या लिंबाखाली गाबोरसाहेब मला शिकवायला बसत. पाठ खोडाला, तोंड दाराकडे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, काऊन शिकतं? मी म्हटलं, जे हातानं जुळवतो ते कळावं म्हणून.  ते म्हणाले, चांगलं कारण आहे. खोटं असलं तरी चांगलं आहे. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी ठरवलं, जमादारांना सांगायचं, नाही जमत. आणि दुपारी वही घेऊन लिंबाखाली जाऊन बसलो.

शिकवायची त्यांची तऱ्हा वेगळी होती. वस्तू हातात दिल्याशिवाय शब्द द्यायचे नाहीत. मिरची, दोरा, कुलूप, जमिनीवर सांडलेला खिळा. शब्द चुकला की वस्तू काढून घेत. माझ्यासारख्या पाटीपलीकडे न गेलेल्या माणसाला त्यांनी सहा महिन्यांत वाचतं केलं, आणि एकदाही, एवढं कसं कळत नाही, असं म्हटलं नाही. शाळेत मास्तरांनी मला ते रोज म्हटलं होतं. त्या दुपारी मला सुख व्हायचं, आणि त्या सुखाचाच संशय यायचा. हा माणूस एवढा जीव लावतो तो का? याला माहीत असलं तर? आणि माहीत नसलं तर मी कोण?

एकदा मी विचारलं, तुम्ही तुमच्या भाषेत का लिहीत नाही? ते म्हणाले, तिकडे तळघरात मला दिव्याखाली बसवून प्रश्न विचारले ते माझ्याच भाषेत, माझ्याच आईच्या बोलीत. आता त्या भाषेत लिहायला घेतलं की कोणीतरी उत्तर मागतं आहे असं वाटतं. मग त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "ह्या भाषेत अजून कोनी कोनाची झडती घेतली नाई."

माझ्या शर्टाच्या आत त्या वेळी घडी घातलेलं प्रूफ होतं.

त्यांच्या गोष्टी मी तीन-चार जुळवल्या. सगळ्यांत हिवाळा, सगळ्यांत नदी, सगळ्यांत कुठंतरी एक माणूस दाराशी उभा राहून ऐकत असतो आणि बिचारा वाईट नसतो. घर सोडलेल्यांबद्दल ते फार लिहीत नसत. मागं राहिलेल्यांबद्दल लिहीत. जमादारांना मी ओळींच्या मधे पेन्सिलीनं मराठी लिहून द्यायचो आणि ते म्हणायचे, "हे काय हाय बे, सारं बर्फच बर्फ. ह्याच्यात देशाचं काही नाई का?"

मग ती पुलाची गोष्ट आली.

इथं एक अडचण सांगायला हवी. एस्पेरांतोत काही अक्षरांवर टोप्या असतात. तसले खिळे आबासाहेबांनी मुंबईहून मागवले होते, पण मोजकेच. चार पानं जुळवली की टोपीवाली अक्षरं संपत. ती चार पानं छापायची, चौकटीत आवळलेला फर्मा सोडायचा, खिळे धुऊन परत केसमध्ये टाकायचे, मग पुढची चार. मधे आठ-दहा दिवस जात. गाबोरसाहेब हस्तलिखितही तेवढंच देत, पुढचं ट्रंकेत. म्हणजे कुठलीही गोष्ट मला अर्धीच कळायची, आणि उरलेली पुढच्या आठवड्यात.

पुलाच्या गोष्टीची पहिली चार पानं 'मी'नं सुरू होत होती. मी आणि माझा लहानपणापासूनचा मित्र. मित्र लेखक. पहाटेचं धुकं, नदीवर पूल, खाली गोठू लागलेलं पाणी. मी त्याला म्हणतो, वाकून बघ, बर्फ कसा कडेनं धरतोय. तो वाकतो. पुढच्या ओळीत मी एकटाच घरी परततो, आणि माझ्या हातमोज्याला त्याच्या कोटाचं बटण अडकून राहिलेलं असतं. तिथं चौथं पान संपलं.

मी तोवर आयुष्यात काय जुळवलं होतं? अमक्याच्या मुलीचा विवाह, तमक्या तारखेला लिलाव, भजनाची पुस्तकं. छापलेलं असतं ते झालेलं असतं किंवा होणार असतं, एवढंच मला माहीत. 'मी' म्हणजे खाली ज्याचं नाव तो. खाली नाव गाबोरसाहेबांचं होतं. दोन दिवस मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. त्या हातांनी मला मिरची दिली होती, दोरा दिला होता. तिसऱ्या दिवशी मी पेन्सिलीनं सगळं मराठी करून, शेवटी माझ्या अकलेनं एक ओळ जोडून दिली: यांनी आपल्या देशात एका माणसाला पुलावरून ढकलून मारलं आहे.

जमादारांनी ते दोनदा वाचलं. कागद खिशात घालताना म्हणाले, "आता काही तरी आनलं तू."

गाबोरसाहेबांना इथं राहायची परवानगी सहा-सहा महिन्यांनी वाढवून मिळे. त्या वेळची मुदत महिन्यावर आली होती. त्यांना बुलढाण्याला बोलावणं आलं. ते सकाळच्या गाडीनं गेले, दुपार टळल्यावर आले. आबासाहेब विचारत होते, काय झालं, कोण होतं. ते म्हणाले, मास्तर, माझी गोष्ट वाचली त्यांनी. आबासाहेब चमकले. छापून न झालेली गोष्ट तिकडे गेलीच कशी? मशीनचा आवाज थांबला होता. रहीमभाई माझ्याकडे बघत नव्हते, म्हणजे माझ्याकडेच बघत होते. मी केसमधल्या एका खणात बोटं घालून उभा.

"मीच पाठवली," गाबोरसाहेब म्हणाले. "इथं मले वाचनारं कोन हाय?"

आबासाहेबांना ते पटलं की नाही कोण जाणे. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही आणि मलाही कधी काही विचारलं नाही. त्या एका वाक्यावर मी पुढं तीस वर्षं त्याच केससमोर उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी गाबोरसाहेबांनी पुढच्या चार पानांचं हस्तलिखित माझ्यापुढे ठेवलं. ते वळले, पुन्हा माघारी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "प्रूफ दोन काढजो. एक मले, एक त्याले. त्याचं शाई लावून काढजो जरा. मागचं लय पुसट होतं."

मी हस्तलिखिताची पानं सारखी करायला लागलो.

"मराठी चांगलं लिवलं तू," ते म्हणाले. "दोन जागी चुकला फक्त."

ती चार पानं मी दोन दिवसांत जुळवली.  पाचव्या पानावर पोलीस त्या 'मी'च्या घरी येतात, पण पकडायला नाही. अहवाल घ्यायला. कारण तो 'मी' वर्षानुवर्षं आपल्या मित्राच्या खबरा देत आलेला असतो, आणि मित्राला पकडून देणारी शेवटची खबर लिहवेना म्हणून त्यानं मित्राला पुलावरून लोटलेलं असतं. सातव्या पानावर मित्राचं नाव येतं. गाबोर. आठव्या पानावर कळतं की तो बुडालेला नाही, खाली कुठंतरी काठाला लागून देशाबाहेर गेला. हे खबऱ्याला माहीत नाही. तो दर हिवाळ्यात बटण खिशात घालून पुलावर उभा राहतो, परत द्यायला.

मारणारे गाबोरसाहेब नव्हतेच. लोटले गेलेले ते होते. आणि 'मी' कोण, ते मला कोणी शिकवायची गरज उरली नव्हती.

मी कोटाकडे बघितलं. शिंपल्याचं बटण जागेवर होतं. पण बटण कुठंही तुटतं, आणि तुटलेल्या बटणावरून गोष्ट सुचू शकते, हेही मला पुढं सुचलं. त्यांना मी विचारलं नाही.

दुसऱ्या प्रुफाला मी पुन्हा शाई लावली, ओळींच्या मधे मराठी लिहिलं. ते जमादारांना दिलं नाही, स्वतः बुलढाण्याला घेऊन गेलो. कचेरीत टेबलामागं चष्मेवाले साहेब होते. मी सगळं सांगितलं. ही गोष्ट आहे, खरं नाही. खरं असलं तर उलटं आहे. चूक माझी आहे. कोल्हापूरचंही सांगून टाकलं, कारण आता ते लपवून मिळायचं काही उरलं नव्हतं. त्यांनी नवं प्रूफ वाचलं, जुनं बाजूला ठेवून पाहिलं.

"मग हा शेवट आधी का नाही दिलास?"

"टाईप पुरला नाही साहेब."

ते हसले नाहीत. चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, कागद वर गेला. वर गेलेला कागद गोष्ट राहत नाही. कोल्हापूरच्या पत्रकांचं त्यांना काहीच नव्हतं. राज्य मिळालं, ती पत्रकं आता कोण विचारतो, असं ते म्हणाले. म्हणजे वर्षभर मी ज्याला भ्यालो ते नव्हतंच. हे जमादारांना माहीत होतं का, हा संशय मी अजून बाळगून आहे. त्यांच्या मुलीची पत्रिका मात्र पुढं खरोखर छापली. मीच जुळवली.

गाबोरसाहेबांना परवानगी वाढवून मिळाली नाही. तीन आठवड्यांत निघायचं होतं. ते जपानच्या एका वाचकाकडे जाणार असं आबासाहेबांनी सांगितलं. त्यांना पोचवायला आबासाहेब येणार होते, पण त्यांना ताप भरला आणि नांदुऱ्याच्या स्टेशनापर्यंत माझीच पाळी आली. राजूरचा घाट उतरताना एसटीत ट्रंक माझ्या पायांवर होती. ते खिडकीबाहेर बघत होते. दोन वर्षांत मी त्यांना खिडकीशी बसलेलं प्रथमच पाहिलं.

मला त्यांची माफी मागायची होती. दोन दिवस मी ते वाक्य त्यांच्याच भाषेत जुळवून ठेवलं होतं, प्रूफ तपासावं तसं तपासून. फलाटावर गेल्यावर ते म्हटलं. त्यांनी ऐकलं, एक शब्द दुरुस्त केला आणि पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं. "आता बरोबर हाय," ते म्हणाले. एवढंच. माफ केलं म्हणाले नाहीत, नाही असंही म्हणाले नाहीत.

पुढं मी त्या भाषेत पत्रं लिहिली, माणसं जोडली, चौथी शिकलेल्या माणसाला दूरदूरच्या गावांहून आदरानं लिहिलेली पाकिटं आली. ते सगळं त्यांचं देणं. त्यांचं स्वतःचं पत्र कधी आलं नाही. आबासाहेबांना एक कार्ड आलं, बोटीवरून टाकलेलं, ठेच्याची आठवण काढणारं.

त्या दिवशी फलाटावर गाडीला अवकाश होता. मी चहा सांगितला. चहावाल्यानं बाकावर दोन ग्लास ठेवले, एक त्यांच्यापुढे, एक माझ्यापुढे. मी हात मागं घेऊन थांबलो, ते बदलतील म्हणून. गाबोरसाहेबांनी त्या दोन ग्लासांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आपल्यापुढचाच ग्लास उचलला आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत संपवला. रिकामा ग्लास बाकावर ठेवला. तेवढ्यात गाडी आली. ट्रंक मी चढवली. डब्यात शिरल्यावर ते दाराकडे तोंड करून बसले. गाडी हलली तेव्हा तो काळा कोट आणि त्यावरचा बटणाचा पांढरा ठिपका थोडा वेळ दिसत राहिला.

मी बाकाशी परत आलो. माझा चहा तसाच होता. साय धरली होती त्यावर. मी तो उचलला, खूप वेळ हातात धरला, आणि न पिता ठेवून दिला.